सातांमागचं आठवं माणूस

भाताची कापणी आणि झोडणी उरकली, की महाड आणि पोलादपूर तालुक्यांत कबड्डीचे दिवस सुरू होतात. रिकाम्या खाचरात नाहीतर देवळापुढच्या पटांगणात माती चाळून, पाणी मारून, चोपून मैदान तयार होतं. फक्कीने रेषा आखल्या जातात, बांबूंवर दिवे चढतात आणि वाडीच्या किंवा ग्रामदेवतेच्या नावाने संघ उतरतात. मुंबईला कामाला असलेली पोरं शनिवारी रात्री निघून येतात, रविवारी खेळतात आणि सोमवारी पुन्हा कामावर हजर होतात. थंडीपासून शिमग्यापर्यंत आणि पुढे जत्रांच्या हंगामात हे चालू राहतं.

प्रत्येक संघाच्या मागे रेषेबाहेर एक माणूस उभा असतो. वय चाळिशीच्या आसपास, एका गुडघ्याला पट्टा, गळ्यात शिटी असेल-नसेल. कधीकाळी तालुक्यात त्याच्या चढाईचा बोलबाला होता. आता तो पोरांना गोळा करतो, कोण रात्री किती वाजता झोपला याची चौकशी करतो, स्पर्धेची प्रवेश फी स्वतःच्या खिशातून भरतो आणि सामना हरला तर शिव्याही त्यालाच बसतात. मैदानात सात खेळाडू असतात. हा आठवा. त्याच्या कामाबद्दल आपल्याकडे फारसं लिहिलं जात नाही, कारण ते काम खेळ संपल्यावर आपसूक जमतं, असा सर्वांचा समज असतो.

तो समज चुकीचा आहे. खेळणं आणि खेळवणं या दोन वेगळ्या विद्या आहेत. उत्तम खेळाडूकडे जे कसब असतं ते त्याच्या पायात, हातात आणि दमात मुरलेलं असतं. ते त्याला स्वतःला सांगता येईलच असं नाही. प्रशिक्षकाला मात्र तेच कसब दुसऱ्याच्या शरीरात उतरवावं लागतं. त्यासाठी बघण्याची नजर लागते, समजावण्याची भाषा लागते आणि तिसरी गोष्ट म्हणजे कुणीतरी विश्वासाने त्याच्या हाती संघ सोपवावा लागतो. पहिल्या दोन गोष्टी कष्टाने मिळवता येतात. तिसरी आपल्या हातात नसते.

किल्केनीचे मास्तर

गावाच्या मातीतून वर आलेले, पोटापाण्याचा धंदा वेगळा ठेवून खेळले जाणारे खेळ जगात इतरही ठिकाणी आहेत. आयर्लंडमधला हर्लिंग हा त्यातला ठळक. ॲश नावाच्या झाडाच्या लाकडाची, टोकाला चपटी काठी आणि चामड्याचा लहान चेंडू घेऊन पंधरा-पंधरा जणांचे संघ हा खेळतात. १ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपरेरी परगण्यातल्या थर्ल्स गावी गेलिक ॲथलेटिक असोसिएशन स्थापन झाली आणि तिने या खेळाला एक पक्की चौकट दिली. खाली चर्चच्या वस्तीचा क्लब, वर परगण्याचा संघ आणि सर्वांत वर डब्लिनच्या क्रोक पार्कवरचा अखिल आयर्लंड अंतिम सामना. त्या मैदानात ऐंशी हजारांहून अधिक प्रेक्षक बसतात, पण मैदानातला एकही खेळाडू पगारी नसतो. कुणी शिक्षक, कुणी शेतकरी, कुणी पोलीस. बहुतेकदा तो आपल्या मूळ परगण्याकडूनच खेळतो.

अशा व्यवस्थेत खेळाडूचा प्रशिक्षक कसा होतो, याचं मोठं उदाहरण म्हणजे किल्केनीचे ब्रायन कोडी. व्यवसायाने ते प्राथमिक शाळेत शिक्षक. १९८२ साली किल्केनीने अखिल आयर्लंड विजेतेपद मिळवलं तेव्हा कोडी कर्णधार होते. १९९८ च्या अखेरीस त्याच परगण्याचा संघ त्यांच्याकडे सोपवण्यात आला आणि २०२२ च्या जुलैपर्यंत तो त्यांच्याकडेच राहिला. या काळात किल्केनीने अकरा अखिल आयर्लंड विजेतेपदं जिंकली, त्यातली चार २००६ ते २००९ अशी सलग. खेळाडू म्हणून कोडी चांगले होते, पण आयर्लंडमध्ये त्यांचं नाव घेतलं जातं ते मुख्यतः या दुसऱ्या डावासाठी.

यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट आहे ती मुदत. जवळपास चोवीस वर्षं एका माणसावर विश्वास ठेवला गेला. संघ त्याच्या परगण्याचा होता आणि तोही त्याच परगण्याचा. आपल्याकडच्या प्रशिक्षकांच्या वाट्याला अशी मुदत क्वचितच येते.

पकड कधी करायची नाही

प्रशिक्षक नेमकं करतो काय, हे समजून घ्यायचं तर आधी खेळाकडे जवळून बघायला हवं. पुरुषांच्या कबड्डीचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद, महिलांचं १२ बाय ८. चढाई करणाऱ्याला तीस सेकंद मिळतात. तेवढ्या वेळात एका दमात ‘कबड्डी’ म्हणत त्याला किमान निदान रेषा ओलांडावी लागते, गुण हवा तर कुणाला तरी शिवावं लागतं आणि मध्यरेषेला परत यावं लागतं. समोर सहा किंवा सात जण असतील तर बोनस रेषेवरून एक गुण काढता येतो. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, तर तिसरीत गुण मिळवावाच लागतो, नाहीतर चढाई करणारा बाद. बचावात तीन किंवा त्याहून कमी खेळाडू उरले असताना त्यांनी पकड केली, तर एक गुण जास्तीचा. सगळा संघ बाद झाला, की लोण चढतो आणि त्याचे दोन गुण वेगळे.

प्रेक्षकाला चढाई दिसते. प्रशिक्षक बघतो बचावाकडे. कोपऱ्यातल्या खेळाडूचं काम घोटा किंवा पट धरण्याचं. मध्यरक्षकाचं काम अंगावर जाऊन रोखण्याचं किंवा धडक देऊन चढाईपटूला रेषेबाहेर ढकलण्याचं. दोघांनी एकमेकांचे हात धरून साखळी केली असेल तर एकाने पाऊल टाकताच दुसऱ्याला कळलं पाहिजे. नवख्या संघाची सर्वांत मोठी चूक म्हणजे घाई. चढाईपटू अजून मध्यरेषेजवळ असतानाच कुणीतरी झेप घेतं, पाय निसटतो आणि गुण फुकट जातो. म्हणून पकड शिकवताना आधी पकड करायची नाही कधी, हे शिकवावं लागतं. ज्याने स्वतः शेकडो पकडी केल्या आहेत त्याला हा क्षण अंगानेच कळतो, पण सतरा वर्षांच्या पोराला तो शब्दांत सांगायचा कसा, हा प्रश्न उरतो. चांगला प्रशिक्षक शब्दांवर विसंबत नाही. एकच प्रसंग पुन्हा पुन्हा उभा करतो. चढाईपटूला मुद्दाम अर्धं पाऊल पुढे टाकायला लावतो आणि कोपऱ्याला थांबायला लावतो. असं दोनशे वेळा झालं, की थांबणं त्या पोराच्या पायात मुरतं.

आपल्या भागातल्या जुन्या खेळाडूंपुढे आणखी एक अडचण असते. ते वाढले मातीवर आणि मोठ्या स्पर्धा आता होतात मॅटवर. मातीत टाच रुतवून माणूस थांबवता येतो. मॅटवर बुटाची पकड वेगळी असते, वळणं झपाट्याची असतात, गुडघ्यावर पडणारा ताण निराळा असतो. मातीवर शिकलेली पकड तशीच मॅटवर नेली तर ती सुटते. म्हणजे शिकवण्याआधी प्रशिक्षकाला स्वतःचा खेळ पुन्हा एकदा शिकावा लागतो. त्यात महाड-पोलादपूरचा पाऊस. जूनपासून चार महिने मातीचं मैदान बंद. छप्पर आणि मॅट नसेल तर वर्षाचा तिसरा हिस्सा असाच जातो.

सामना सुरू झाला, की प्रशिक्षकाच्या हातात फारसं काही उरत नाही. प्रत्येक डावात तीस-तीस सेकंदांच्या दोन विश्रांती मिळतात. तेवढ्यात फार तर एक वाक्य सांगून होतं, आणि ते एक वाक्य कोणतं हे ठरवण्यातच प्रशिक्षकाची परीक्षा असते.

कोकणातून मुंबईला

कबड्डीचा इतिहास महाराष्ट्राशी घट्ट बांधलेला आहे. हुतूतूच्या वेगवेगळ्या रीती होत्या, त्यांना नियमांत बसवण्याचं बरंचसं काम इथल्या व्यायामशाळांनी आणि मंडळांनी केलं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. १९५० साली अखिल भारतीय महासंघ झाला. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकाचा खेळ म्हणून स्थान मिळालं. त्यामागे ज्यांची अनेक वर्षांची धडपड होती त्या शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून साजरा होतो.

कोकणातला खेळाडू मात्र वेगळ्या वाटेने वर आला. गिरणीत, गोदीत, पुढे बँकांत आणि कंपन्यांत कामाला गेलेली माणसं लालबाग, परळ, दादर, वरळीच्या मंडळांत खेळू लागली. चांगला खेळणाऱ्याला रेल्वेत, पोलिसांत, एखाद्या तेल कंपनीत खेळाडू म्हणून नोकरी मिळू लागली. खेळ हा नोकरीचा दरवाजा झाला, आणि तो अजूनही तसाच आहे. पण नोकरी लागली, तिशी उलटली, लग्न झालं, गुडघा गेला, की बहुतेकांचा खेळ तिथेच संपला. थोडे गावाकडे परतून संघ सांभाळू लागले. त्याहून थोडे रीतसर प्रशिक्षक झाले: पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा अभ्यासक्रम केला, जिल्हा संघटनेच्या निवड चाचण्यांवर गेले, किशोर आणि कुमार गटांचे संघ घडवले.

महाराष्ट्रातून मोठा खेळाडू आणि मग प्रशिक्षक असा प्रवास केलेल्यांत अशोक शिंदे यांचं नाव येतं. १९९० च्या बीजिंगमधल्या सुवर्णविजेत्या संघात ते होते, १९९४ सालचा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला आणि पुढे प्रो कबड्डीत पुणेरी पलटणच्या प्रशिक्षकपदीही त्यांनी काम केलं. पण प्रशिक्षकाच्या हाती संघ कसा येतो, ही जी तिसरी गोष्ट सुरुवातीला म्हटली, ती समजून घ्यायला नाशिकच्या एका बाईंची गोष्ट अधिक उपयोगी आहे.

नाशिकहून इराणला

शैलजा जैन आधी खेळाडू होत्या, नंतर राज्याच्या क्रीडा खात्यात प्रशिक्षक झाल्या आणि नाशिकमध्ये वर्षानुवर्षं त्यांनी मुली घडवल्या. भारतीय महिला संघाला शिकवण्याची त्यांची इच्छा होती. ती संधी मिळाली नाही, आणि त्याचं दुःख त्यांनी पुढे उघडपणे बोलून दाखवलं. संधी आली ती इराणकडून.

इराणला कबड्डी नवी नव्हती. तिथेही दम धरून खेळण्याचा एक जुना देशी खेळ आहे आणि उत्तरेकडच्या गोरगानच्या परिसरात कबड्डीचं चांगलंच वेड आहे. पुरुषांच्या विश्वचषकात इराण पुन्हा पुन्हा भारतापुढे येऊन थांबत होता. २००४ साली मुंबईत ५५-२७ असा हरला. २००७ साली आपल्याच रायगड जिल्ह्यात, पनवेलला झालेल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात अंतर कमी झालं: २९-१९. २०१६ साली अहमदाबादला ३८-२९. महिलांचंही तसंच. २०१२ च्या विश्वचषकात पाटण्याला भारताने इराणला २५-१९ ने हरवलं, २०१४ च्या आशियाई स्पर्धेत इंचेऑनला ३१-२१ ने. इराणकडे ताकद होती, उंची होती, कुस्तीची परंपरा होती. कमी पडत होती ती कबड्डीची आतली जाण, आणि ती भारतात होती.

म्हणून इराणने भारतातून प्रशिक्षक नेला. जैन यांना सगळंच नवं होतं. भाषा येत नव्हती आणि जेवण शाकाहारी. त्यांनी कामापुरती फारसी शिकून घेतली. सरावात योगासनं आणि प्राणायाम आणला. कबड्डीत श्वासाला काय किंमत आहे हे लक्षात घेतलं, तर ही शोभेची भर नव्हती: तीस सेकंद दम टिकवून, शेवटच्या पाच सेकंदांत डोकं शांत ठेवून परत येणं हे फुप्फुसांचंही काम आहे आणि मनाचंही. पोरींना ताकद होतीच, ती कुठे राखून ठेवायची हे त्यांना शिकवायचं होतं. सुमारे दीड वर्ष हे काम चाललं.

२४ ऑगस्ट २०१८. जकार्ता, आशियाई स्पर्धेतला महिलांचा अंतिम सामना. भारत त्याआधीच्या दोन्ही स्पर्धांत, म्हणजे २०१० आणि २०१४ मध्ये, सुवर्णपदक जिंकून आलेला. मध्यंतराला भारतच पुढे होता, १३-११. दुसऱ्या डावात इराणच्या मुलींनी आघाडी घेतली आणि ती सोडली नाही. निकाल २७-२४. महिला कबड्डी आशियाई स्पर्धेत आल्यापासून भारताने प्रथमच सुवर्ण गमावलं, आणि ते गमावलं नाशिकच्या प्रशिक्षकाच्या संघाकडून. आदल्याच दिवशी इराणच्या पुरुषांनी उपांत्य सामन्यात भारताला २७-१८ ने हरवलं होतं, आणि पुढे दक्षिण कोरियाला नमवून तेही सुवर्ण घेऊन गेले. त्या संघातला फझल अत्राचली हा कोपरारक्षक मुंबईकरांच्या चांगल्या ओळखीचा: २०१५ मध्ये प्रो कबड्डी जिंकणाऱ्या यू मुंबाकडून तो खेळला होता.

आपल्याकडे काहींना जैन यांचा विजय टोचला. त्यांनी स्वतःही सांगितलं, की प्रशिक्षक म्हणून आनंद झाला, भारतीय म्हणून वाईट वाटलं. पण त्या पराभवाकडे दुसऱ्या बाजूने बघितलं तर काय दिसतं? आपल्या राज्याच्या क्रीडा खात्यात, जिल्ह्याच्या पातळीवर आयुष्य काढलेल्या एका बाईंकडे आशियातला सर्वोत्तम संघ घडवण्याइतकी विद्या होती. ती विद्या अनेक वर्षं आपल्या डोळ्यांसमोर होती.

कर्णधार ते प्रशिक्षक

२०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली आणि खेळाडूचा प्रशिक्षक होण्याच्या वाटेला पहिल्यांदा बऱ्यापैकी पैसा आला. तामिळनाडूचे ई. भास्करन यांनी २०१५ मध्ये यू मुंबाला विजेतेपद मिळवून दिलं. त्यांना पुढे द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. कर्नाटकचे बी. सी. रमेश खेळाडू म्हणून अर्जुन पुरस्काराचे मानकरी. त्यांच्या मार्गदर्शनाखाली बंगाल वॉरियर्सने २०१९ मध्ये आणि पुणेरी पलटणने १ मार्च २०२४ रोजी हरयाणा स्टीलर्सला २८-२५ ने हरवून विजेतेपद घेतलं. त्या दिवशी हरलेल्या हरयाणाचे प्रशिक्षक मनप्रीत सिंग. खेळाडू असताना तिसऱ्या हंगामात पाटणा पायरेट्सचे कर्णधार म्हणून त्यांनी चषक उंचावला होता. प्रशिक्षक म्हणून आधी गुजरातसोबत दोनदा आणि मग हरयाणासोबत एकदा ते अंतिम सामन्यात हरले. अखेर २९ डिसेंबर २०२४ ला पुण्यात बालेवाडीला हरयाणाने पाटण्यालाच ३२-२३ ने हरवलं आणि कर्णधार व प्रशिक्षक अशा दोन्ही नात्यांनी मनप्रीत विजेते झाले.

या तीन पराभवांकडे जरा लक्ष द्यावं. खेळाडू हरला तर पुढच्या सामन्यात त्याच्या हाती चढाई असते. प्रशिक्षकाला पुढच्या हंगामापर्यंत वाट बघावी लागते, आणि तोवर कुणीतरी त्याला ठेवलं पाहिजे. मनप्रीत यांना पुन्हा पुन्हा संघ मिळत गेला, म्हणून चौथी संधी आली. कोडींना चोवीस वर्षं मिळाली. जैन यांना ती संधी परदेशात जाऊन मिळवावी लागली.

पोलादपूरच्या रेषेबाहेर

आता पुन्हा आपल्या तालुक्यांकडे. इथे कसबाची वाण नाही. मातीवर वीस वर्षं खेळलेली, मुंबईच्या मंडळांत मार खाऊन आणि देऊन आलेली माणसं गावोगाव आहेत. त्यांतल्या बहुतेकांनी कुठलाही अभ्यासक्रम केलेला नाही. दुखापत झालेल्या गुडघ्याला बर्फ लावायचा की शेक द्यायचा, वाढत्या वयाच्या पोराला किती वजन उचलायला लावायचं, किशोर गटाच्या ५५ किलोच्या मर्यादेत बसण्यासाठी सोळा वर्षांखालच्या मुलाला उपाशी ठेवणं किती घातक, या गोष्टी अनुभवाने कळत नाहीत, शिकाव्या लागतात. जिल्हा संघटनेने पावसाळ्याच्या चार महिन्यांत, मैदान बंद असताना, या माणसांसाठी महाडला नाहीतर पोलादपूरला एखादं शिबिर घेतलं तर त्यासाठी मोठं क्रीडासंकुल लागत नाही. शाळेचं एक सभागृह, भाड्याची मॅट आणि शिकवायला दोन जाणकार एवढ्यात भागतं.

मुलींच्या बाबतीत प्रश्न अधिक नाजूक आहे. शाळेच्या संघात उत्तम खेळणारी मुलगी दहावी-बारावीनंतर मैदानावर दिसेनाशी होते. सरावाला संध्याकाळी सोडायचं तर कुणाबरोबर, स्पर्धेला बाहेरगावी पाठवायचं तर कुणाच्या भरवशावर, हे घरच्यांचे प्रश्न असतात आणि ते खोटे नसतात. गावातलीच, स्वतः खेळलेली बाई प्रशिक्षक असेल तर यातले निम्मे प्रश्न विचारलेच जात नाहीत. लग्न होऊन आलेल्या सुनांतही तालुका, जिल्हा खेळलेल्या पुष्कळ असतात. त्यांना कुणी विचारत नाही एवढंच. शैलजा जैन यांच्या गोष्टीतून महाड-पोलादपूरने घ्यायचं ते हे: खेळ सोडलेल्या बाईकडे अजून एक पूर्ण कारकीर्द शिल्लक असते. एखाद्या मंडळाने येत्या हंगामात मुलींचा संघ काढावा आणि तो अशा एका बाईच्या हाती द्यावा. पहिल्या वर्षी हरला, तरी दुसऱ्या वर्षीही तिच्याकडेच ठेवावा.